तळ्याकाठचा मुक्काम निवडताना पाण्याआधी जमीन बघा

तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडचा कुठलाही फोटो उघडा. समोर पाणी, काठावर एखादा तंबू नाहीतर आरव्ही, दोन खुर्च्या आणि मावळतीचा सूर्य. फोटो खोटा नसतो, पण तो संध्याकाळचा असतो आणि आपल्याला तिथे रात्र काढायची असते. झोप लागेल का, तंबू कोरडा राहील का, गाडी आत वळेल का, सकाळी मुलांना पाण्यात सोडता येईल का, यातलं काहीच त्या देखाव्यावरून कळत नाही. ते कळतं जमिनीच्या उतारावरून, वाऱ्याच्या दिशेवरून, पलीकडच्या काठावर काय आहे त्यावरून आणि तळ्यात पाणी कुठून येतं त्यावरून. या चारही गोष्टी घरबसल्या नकाशावर बघता येतात. जागा शहराजवळची असेल तर त्या बघायलाच हव्यात, कारण तिथे रस्ते, रेल्वे, सांडपाणी आणि सुट्टीची गर्दी, सगळंच हाताच्या अंतरावर असतं.

दोन शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि बहुधा संडास-बाथरूमचीही सोय आतच असलेली गाडी. ती स्वतःच्या इंजिनावर चालते किंवा दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यायची असते. अशा गाड्या उभ्या करून त्यांना वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी देणारी जागा म्हणजे आरव्ही पार्क. कॅम्पग्राउंडवर तंबू आणि गाड्या दोन्ही चालतात, जोडण्या कमी असतात आणि झाडी सहसा जास्त असते. एका कुटुंबाला मिळणाऱ्या तुकड्याला ‘साइट’ म्हणतात. खरी निवड या साइटची असते. एकाच कॅम्पग्राउंडवरच्या दोन साइट्सचा अनुभव दोन वेगळ्या गावांइतका वेगळा असू शकतो.

पहिल्या ओळीचा मोह

एकदा मी हट्टाने अगदी पाण्यालगतची साइट घेतली होती. संध्याकाळी वारा पडला, पाणी आरशासारखं झालं आणि पलीकडच्या काठावर मासे धरायला बसलेल्या दोघांचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू यायला लागलं. गंमत वाटली. रात्री दहानंतर त्याच पाण्यावरून पलीकडच्या महामार्गावरचे ट्रक ऐकू यायला लागले. चढावर गिअर बदलताना इंजिनाचा सूर कसा बदलतो, तेसुद्धा. दिवसभरात त्या रस्त्याचा पत्ताही लागला नव्हता.

यामागे साधं विज्ञान आहे. पाणी गार असलं की त्याला टेकलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. ध्वनी उबदार हवेत जास्त वेगाने जातो. त्यामुळे वर निघालेला आवाज त्या थरात वळतो आणि पुन्हा खाली येतो. एरवी आकाशात विरून गेला असता तो आवाज पाण्याला समांतर प्रवास करत आपल्या काठाला पोचतो. वाटेत झाडं, घरं, गवत काहीच नसतं, आणि सपाट पाणी आवाज शोषून घेण्याऐवजी परावर्तित करतं. दिवसा वारा हे थर ढवळत असतो आणि त्याचा स्वतःचाही आवाज असतो, म्हणून फरक जाणवत नाही.

म्हणून साइट ठरवण्याआधी नकाशावर पलीकडचा काठ बघा. तळ्याभोवतीची सपाट पट्टी रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्यांनाही सोयीची वाटते, त्यामुळे कितीतरी तळ्यांच्या एका बाजूने रूळ गेलेले दिसतात. रूळ दिसले तर रस्ता त्यांना कुठे ओलांडतो तेही शोधा. अमेरिकेत बहुतेक फाटकांआधी १५ ते २० सेकंद भोंगा वाजवण्याचा नियम इंजिनचालकांना पाळावा लागतो, मग पहाटेचे तीन वाजले असले तरी. फाटक एक किलोमीटरवर असेल तर प्रत्येक मालगाडी तुम्हाला उठवणार. विमानतळ असेल तर धावपट्टीची रेघ दोन्ही टोकांना मनानेच पुढे वाढवून बघा. ती तळ्यावरून जात असेल तर विमानंही तिथूनच जाणार.

आता मी मागची साइट मागतो. पाण्यापासून दोन-तीन ओळी मागे, थोडी चढावर, मध्ये झाडी असलेली. संध्याकाळी खुर्च्या घेऊन काठावर जातो आणि झोपायच्या वेळी वर येतो. पाणी तेवढंच मिळतं आणि झोपही.

चढावर राहण्याचा आणखी एक फायदा पहाटे कळतो. निरभ्र रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखीच उताराने खाली वाहत खोलगट जागी साठते. काठाजवळची सखल जागा अशा हवेचं भांडंच असतं. तिथे दमटपणाही जास्त. सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर थेंब लोंबकळत असतात, झोपायची पिशवी ओलसर लागते आणि धुकं उठेपर्यंत काही सुकत नाही. थोडं वर गेलं तरी हा त्रास बराच कमी होतो.

वारा कुठून येणार

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत शिकलो. मोठ्या तळ्याकाठीही तेच घडतं, फक्त प्रमाण लहान. पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा चार-पाच पट उष्णता लागते. त्यामुळे दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तळ्यावरची गार हवा काठाकडे येते. उन्हाळ्यात ही झुळूक म्हणजे फुकटचं कूलर. डासांनाही ती नको असते, कारण ते फार कच्चे उडणारे असतात. लव्हाळं माजलेल्या, वारा न लागणाऱ्या उथळ खाडीच्या काठावरची साइट फोटोत हिरवीगार दिसते. सूर्य मावळला की ती डासांची होते.

पण दिवसभर एकाच दिशेने जोराचा वारा येणारा काठ वेगळा. वारा ज्या काठाला येऊन थडकतो तिथे लाटा, फेस, तरंगणारा कचरा आणि पाण्यावर साय धरलेलं शैवाल, सगळं ढकललं जातं. त्या बाजूला तंबूचे तणावे रात्रभर फडफडतात. आरव्हीचा चांदवा तर झोपण्याआधी गुंडाळूनच ठेवावा. त्या भागात उन्हाळ्यात वारा कुठल्या दिशेने वाहतो हे हवामानाच्या नोंदींत मिळतं. वारा ज्या बाजूने सुटतो तो काठ शांत असतो. खोल तळ्यात त्या काठाला पाणी मात्र जास्त गार लागू शकतं, कारण वरचं कोमट पाणी वारा पलीकडे लोटतो आणि खालचं थंड पाणी वर येतं.

सावलीचा विचार करताना पश्चिम दिशा बघा. दुपारी तीन ते सहाचं ऊन गाडीला भट्टी करतं. पश्चिमेला झाडं असतील तर तो त्रास टळतो. पूर्वेच्या काठावर राहिलात तर सूर्यास्त पाण्यावर दिसेल, पण तेच ऊन सरळ तोंडावरही येईल. मी पश्चिमेचा काठ पसंत करतो. तिथे सूर्योदय पाण्यावर दिसतो.

हे तळं कोणाचं आहे

म्हणजे ते नैसर्गिक आहे की धरणाचं. शहराजवळची पुष्कळ ‘तळी’ खरं तर जलाशय असतात. शहराला पाणी पुरवायला, वीज काढायला किंवा पूर अडवायला बांधलेले. त्यांची पातळी तुमच्या सुट्टीच्या सोयीने ठरत नाही, पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाने ठरते. काठाचा उतार दर वीस मीटरला एक मीटर असेल, तर पातळी तीन मीटर उतरल्यावर पाणी साठ मीटर मागे जातं. मधे उरतो भेगाळलेला चिखल आणि उघडी पडलेली झाडांची बुंधं. ‘लेकफ्रंट’ साइटचे पैसे भरायचे आणि पाणी दुर्बिणीतून बघायचं, असं होऊ नये म्हणून धरण चालवणाऱ्या खात्याच्या संकेतस्थळावर सध्याची पातळी आणि गेल्या वर्षी याच महिन्यातली पातळी बघा. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रंही बघता येतात. आपण जाणार त्या महिन्यातली दोन-तीन वर्षांची चित्रं बघितली की काठाचा खरा चेहरा दिसतो. जलाशयात बुडालेले रस्ते, कुंपणं आणि खुंट असतात आणि तळ एकदम खोल जातो, म्हणून पोहण्यासाठी आखून दिलेल्या जागेतच उतरावं.

आता पाण्याच्या प्रतीबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे. शहराभोवतीच्या शेतांतलं खत, हिरवळींवरचं खत, गळक्या गटारांचं पाणी हे सगळं पावसासोबत तळ्यात येतं. त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन म्हणजे नीलहरित शैवालाला मेजवानी. उन्हाळ्याच्या अखेरीला, पाणी कोमट आणि हवा शांत असताना, ते झपाट्याने वाढतं आणि त्याच्या काही जाती विष तयार करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या अशाच शैवालामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे विष सापडलं आणि सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळून घ्या असं सांगण्यातही अर्थ नव्हता. उकळल्याने हे विष जात नाही, पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. तळ्याकाठी पाणी उकळून प्यायची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

काठावर गेल्यावर ओळखायचं कसं? एक लांब काठी घ्या आणि हिरव्या थरात घालून वर काढा. केसांसारखे लांब तंतू काठीला लोंबकळत आले तर ते बहुधा साधं शेवाळ आहे. किळसवाणं, पण तेवढं धोक्याचं नाही. काठीला काहीच न धरता नुसता हिरवा रंग लागला, जणू रंगाच्या डब्यात बुडवून काढली, तर ते नीलहरित शैवाल असण्याची शक्यता मोठी. अशा पाण्यात कोणी उतरू नये. कुत्र्याला तर त्याच्या जवळपासही सोडू नये. कुत्री ते पाणी पितात, अंगावरचं चाटतात आणि काही तासांत दगावूही शकतात. शैवाल सापडलेल्या तळ्यांवर आरोग्य खातं सूचना लावतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ती सूचना बघणं हे हवामानाचा अंदाज बघण्याइतकंच गरजेचं आहे. मोठा पाऊस पडून गेल्यावरही दोन-तीन दिवस पोहणं टाळा. शहराची सगळी धूण तेव्हा तळ्यात उतरलेली असते.

आणखी एक धोका दिसत नाही म्हणून सांगतो. ज्या धक्क्यावर बोटींना विजेची जोडणी दिलेली असते, त्याच्या आसपास पोहू नका. जोडणीत दोष असेल तर वीज पाण्यात उतरते. गोड्या पाण्यापेक्षा माणसाचं शरीर जास्त चांगलं वीजवाहक असल्याने ती शरीरातून जायला बघते. स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो.

सुंदर सपाट जागा कशी तयार झाली

डोंगरातून उतरणारा ओढा सपाटीला लागला की त्याचा वेग मोडतो आणि आणलेला गाळ, गोटे तो पंख्याच्या आकारात पसरून टाकतो. भूगोलात यालाच पंखाकृती मैदान म्हणतात. तळ्याच्या काठाला अशी जागा म्हणजे कॅम्पग्राउंडसाठी आयतं अंगणच. सपाट, निचरा चांगला, बाजूने खळाळता ओढा. पण ते मैदान त्या ओढ्याच्या पुरांनीच तयार केलेलं असतं. ७ ऑगस्ट १९९६ ला स्पेनमधल्या पिरेनीज पर्वतात बिएस्कास इथे अशाच मैदानावरच्या कॅम्पसाइटवर अरास ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसं गेली. सुट्टीवर आलेली माणसं होती ती. ओढा वर्षानुवर्षं शांत होता, म्हणून जागा सुरक्षित वाटली होती.

नकाशावर समोच्च रेषा बघायला जमत नसेल तरी एवढं करा. साइटजवळून ओढा तळ्याला मिळतो का, आणि त्याच्या वरच्या अंगाला उभा डोंगर आहे का, हे बघा. दोन्ही उत्तरं ‘हो’ आली आणि पावसाचा अंदाज असेल तर दुसरी जागा घ्या. ऊन असलं तरी सामान ओढ्याच्या पात्रापासून वर ठेवा, कारण पाऊस वीस किलोमीटरवर पडला तरी पाणी इथे येतं.

बऱ्याच कॅम्पग्राउंडचा रस्ता वर्तुळाकार, एकेरी वाहतुकीचा आणि प्रत्येक साइटला एक आखूड फाटा असा का असतो, याचं उत्तरही जमिनीतच आहे. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की मोटारी आणि माणसं मनाला येईल तिथे फिरल्याने माती दाबली जाते आणि प्रचंड झाडांचीही मुळं गुदमरतात. १९३२ साली त्याने उपाय मांडला की गाड्यांची वाट, उभं राहायची जागा, टेबल आणि चूल हे सगळं पक्कं नेमून द्यायचं, म्हणजे बाकीची जमीन श्वास घेईल. तोच आराखडा अमेरिकाभर गेला. मात्र त्या काळातल्या गाड्या लहान होत्या. जुन्या, दाट झाडीच्या वळशावर आजची लांब आरव्ही अडकते. साइटची लांबी बघताना ओढणारी गाडी, मधला दांडा आणि मागचा भाग हे सगळं धरून मोजा. मागे घेऊन लावायची साइट आणि आरपार जाणारी साइट यातली नवशिक्याने आरपारच घ्यावी, दोन-चार मीटर लांबीपेक्षा ती जास्त महत्त्वाची.

साइट समतल आहे का, हा प्रश्न चोखंदळपणाचा वाटतो, पण तसा नाही. पुष्कळ आरव्हींमधला फ्रिज गॅसवरही चालणारा, अमोनियाचा असतो. त्यातला द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरतो. गाडी कलती राहिली तर तो अडतो आणि फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

जोडण्या

विजेचा हिशोब एका गुणाकाराचा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. अमेरिकेतली ३० अँपिअरची जोडणी १२० व्होल्टवर ३६०० वॅट देते. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात, म्हणून ती १२,००० वॅटपर्यंत जाते. युरोपात २३० व्होल्ट असतात, पण काही जागी ६ अँपिअरच मिळतात, म्हणजे १३८० वॅट. तिथे २००० वॅटची किटली लावली की खटका पडलाच. एसी आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा. मोठ्या प्लगला लहान अडॅप्टर लावल्याने वीज वाढत नाही.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात, भांडी-आंघोळीची एक आणि संडासाची एक. साइटवरच गटाराची जोडणी असेल तर उत्तम. नसेल तर निघताना ठरलेल्या जागी टाक्या रिकाम्या करायच्या, आधी संडासाची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. रविवारी सकाळी अकरा वाजता तिथे रांग असते, शहराजवळच्या पार्कात तर हमखास. नऊच्या आत उरकावं. तळ्याकाठी एक थेंबही जमिनीवर जाऊ देऊ नका, कारण तो पाण्यातच जाणार.

शहराचं अंतर

शहर जवळ असणं सोयीचं आहे. दवाखाना जवळ, दुरुस्ती जवळ, शुक्रवारी कामावरून सुटल्यावर अंधाराआधी पोचता येतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तासाभराच्या अंतरावरची जागा घ्यावी, काही विसरलं किंवा मुलं आजारी पडली तर परतता येतं. किंमत मोजावी लागते ती गर्दीत. दिवसापुरती येणारी माणसं जिथे गाड्या लावतात आणि बोटी पाण्यात सोडतात, त्या उताराजवळची साइट शनिवारी सकाळपासून बाजारपेठ होते. ती नको. मंगळवार-बुधवारी तेच तळं तुमचं एकट्याचं असतं.

शहरालगतच्या आरव्ही पार्कांत काही कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात, कामासाठी किंवा घरभाडं झेपत नाही म्हणून. तिथलं वातावरण वस्तीचं असतं. ते वाईट नाही, कित्येकदा जास्त सुरक्षित आणि मदतीचं असतं. पण सुट्टीचा माहोल हवा असेल तर चौकशी करताना ‘किती साइट्स मासिक भाड्याने आहेत’ असं सरळ विचारा. रात्रीची शांततेची वेळ कधी सुरू होते आणि तेव्हा जनरेटर चालतात का, हेही त्याच फोनवर विचारा. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचताना तारे मोजू नका, महिना बघा. एप्रिलमधल्या पाच ताऱ्यांवरून ऑगस्टमधल्या पाण्याबद्दल काहीच कळत नाही.

पोचायचं मात्र उजेडात. गाडी लावण्याआधी, खुंटी ठोकण्याआधी साइटवर रिकाम्या हाताने एक फेरी मारा. आधी वर बघा, डोक्यावर वाळलेली फांदी अडकलेली नाही ना. मग खाली बघा, पानं आणि काटक्या एका ओळीत साचल्या असतील तर पावसाचं पाणी तिथूनच वाहतं. जमिनीला हात लावून ओल बघा. एकटं उंच झाड असेल तर तंबू त्याच्याखाली लावू नका. गडगडाट ऐकू आला की धातूच्या बंद गाडीत जाऊन बसायचं हे घरच्यांशी आत्ताच बोलून ठेवा, तंबू विजेपासून वाचवत नाही. काही खटकलं तर तसंच ऑफिसात जा आणि दुसरी साइट मागा. ऑफिस उघडं असेपर्यंत आणि सामान गाडीत असेपर्यंत ती बहुतेक वेळा मिळते.